मसाई मारालगतच्या कॅम्पमध्ये आईबाबांना न्यावं का?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय.

पुढच्या सप्टेंबरात आईबाबांच्या लग्नाला ४५ वर्षं पूर्ण होतील. बाबा ७१ वर्षांचे, आई ६७ची. बाबांनी ३४ वर्षं एसटीत नोकरी केली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. निवृत्तीनंतर एकच नाद लागलाय, रात्रीचं जेवण झालं की प्राण्यांचं चॅनेल. मारा नदी, तिथल्या मगरी, काठावरून उड्या टाकणारे विल्डबीस्ट (गायीएवढी हरणं), सगळं तोंडपाठ. ताडोबाला दोनदा नेलं तेव्हा दोन्ही वेळा पहाटे चारलाच स्वेटर घालून खोलीबाहेर येऊन बसले होते.

मी आणि धाकट्या भावानं मिळून दोघांना पाच रात्रींसाठी केनियाला न्यायचं ठरवलंय. एजंटनं दोन पर्याय दिलेत. एक म्हणजे मसाई मारा अभयारण्याच्या आत मोठा लॉज. भरपूर खोल्या, कुंपण, पोहण्याचा तलाव. दुसरा अभयारण्याच्या बाहेर, हद्दीला लागून एका 'कॉन्झर्व्हन्सी'त. तिथे फक्त दहा तंबू, कुंपण नाही, आणि भाव पहिल्याच्या जवळपास दीडपट. तंबूत राहायला, तेही जंगलाच्या बाहेर, जास्त पैसे कशाचे, हे मला खरंच कळत नाहीये. बरं, कुंपण नाही म्हणजे रात्री प्राणी तंबूपर्यंत येणार का? बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आणि नदी ओलांडणारे कळप बाबांना दिसले नाहीत तर काय, ही धाकधूक आहेच.

पैसे दोघा भावांनी साठवलेले आहेत, पुन्हा जमेलसं वाटत नाही. जाऊन आलेल्यांनी मोकळेपणानं सांगा.

टपालपेटी

मुळाकाठ, गेली ११ वर्षं नैरोबीत राहतोय. मारा कसा वाटेल ते दुसरे सांगतील, मी निघण्याआधीची कामं सांगतो, कारण लोकांची अडचण तिथेच होते.

सगळ्यात आधी पीतज्वराची लस. केनियाहून भारतात परत येताना तिचा दाखला विमानतळावर मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेताना दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची ॲलर्जी असेल तरी अडचण येते. म्हणून तिकीट काढण्याआधी आईबाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, नंतर नको. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

व्हिसाच्या जागी २०२४च्या जानेवारीपासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, आहे. मुंबईहून थेट विमानानं साधारण सहा तास लागतात. ते उतरतं जोमो केन्याटा विमानतळावर आणि माराची छोटी विमानं सुटतात विल्सन या दुसऱ्या विमानतळावरून. मध्ये शहर आहे, आणि इथली वाहतूक पुण्यापेक्षा कमी नाही. वयस्कर माणसं बरोबर असताना त्याच दिवशी पुढे जायचा हट्ट नको, एक रात्र नैरोबीत काढा. विल्सनवरून पाऊण तासात माराच्या धावपट्टीवर उतराल. रस्त्यानं पाच-सहा तास. वाटेवरच्या नारोक गावाच्या पुढेही आता चांगला डांबरी रस्ता आहे, पण आतले कच्चे रस्ते गुडघ्याला आणि कमरेला जड जातात. पैसे कुठे कमी करायचेच असतील तर या विमानाचे करू नका.

छोट्या विमानात माणशी १५ किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ कापडाचीच लागते. माझ्या मावशीला तिच्या एजंटनं हे सांगितलंच नव्हतं. चाकांची कडक सूटकेस घेऊन ती विल्सनला आली आणि काउंटरसमोर बसून सगळं सामान माझ्या दोन पिशव्यांत भरावं लागलं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१७पासून बंदी आहे. चिवडा-लाडू डब्यात आणा.

अभयारण्याचं तिकीट २०२४च्या जुलैपासून बरंच वाढलंय. परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. तुमचा प्रवास सप्टेंबरात, म्हणजे चौघांचे एका दिवसाचे ८०० डॉलर. एजंटनं सांगितलेल्या भावात हे धरलंय का, लेखी विचारा. बाहेर राहून एखाद्याच दिवशी आत जाणार असाल तर त्या एका दिवसाचं तिकीट वेगळं पडेल.

जेवणाची काळजी सोडा. रेल्वेच्या कामासाठी भारतातून मजूर आले त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. चपाती, समोसा आणि चाय हे शब्द इथे आता स्वाहिली आहेत.

गवतमाळ

तुमचा धागा वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. अगदी हाच प्रश्न घेऊन मीही महिनाभर हिशेब मांडत होते. २०२३च्या सप्टेंबरात आम्ही गेलो. मी, आई आणि दादा. वडिलांना आम्ही दादा म्हणतो, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. आम्ही पारनेर तालुक्यातले. कोरडवाहू शेती, गुरं, शेळ्या. दादांचं सगळं आयुष्य गवत आणि पाऊस याच हिशेबात गेलेलं. मला काही ठरवता येईना, म्हणून दोन रात्री अभयारण्यातल्या मोठ्या लॉजवर घेतल्या आणि तीन रात्री बाहेर, नाबोइशो कॉन्झर्व्हन्सीत. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

आधी नदी. पहाटे सहाला निघालो आणि मारा नदीवर पोचलो तेव्हा पलीकडचा काठ काळा झाला होता. हजारो विल्डबीस्ट, मधेमधे झेब्रे. आमच्या बाजूला गाड्या, ४३ मोजल्या आणि मग सोडून दिलं. कळप पाण्यात उतरेपर्यंत गाड्यांनी मागेच थांबायचं असतं. पुढचा झेब्रा तीनदा पाण्याच्या कडेला आला, मान खाली घातली, मागे फिरला. चौथ्यांदा खाली उतरत होता, तेवढ्यात एक व्हॅन थेट काठावर गेली. तिच्यामागे आणखी पाच-सहा. पुढची जनावरं वळली, मागची त्यांच्यावर आदळली, धुरळा उठला आणि कळप टेकडीआड गेला. चार तास आम्ही तिथे होतो. दादा एवढंच म्हणाले, "गुरं पाण्यावर आली होती, आणि आपण वाट अडवून उभे राहिलो." परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. लॉज चांगला होता, खोली मोठी, जेवण उत्तम, माणसं प्रेमळ. पण ती सकाळ माझ्या मनातून गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी नाबोइशोत गेलो. गाडीवाला तिथलाच, मसाई जमातीचा, त्याच्या घराची जमीन त्याच कॉन्झर्व्हन्सीत. तासभरात दादा म्हणाले, गाडी थांबवायला सांग. माळावर एकटं झाड, खालून कात्रीनं कापल्यासारखं सपाट. दादा म्हणाले, "हा हिंगणबेट आहे." मी म्हटलं, इथे कुठला हिंगणबेट. त्यांनी काटा दाखवला, पान दाखवलं. आमच्या गावच्या शिवेवर दोन आहेत, त्याची फळं आजी कपडे धुवायला वापरायची. गाडीवाल्याला मोबाइलवर शास्त्रीय नाव दाखवलं तर त्यानं मान डोलावली, बॅलानायटिस, तेच झाड. खालचा भाग जिराफ खातात, मान पोचते तिथपर्यंत, म्हणून ते तसं सपाट दिसतं. त्यानंतर दादा परदेशात आहेत असं मला वाटलंच नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, जास्त पैसे कशाचे. माराच्या अभयारण्याभोवतीची जमीन मसाई कुटुंबांची आहे. पूर्वी ती सामायिक होती, पुढे वाटण्या होऊन प्रत्येकाच्या नावावर तुकडे झाले. तुकडा झाला की माणूस कुंपण घालतो, विकतो, नांगरतो. तसं झालं तर अभयारण्याला लागून जनावरांना पाय ठेवायला जागा उरणार नाही, कारण ती हद्द ओळखत नाहीत, वर्षातले बरेच महिने बाहेरच चरतात. मग शेजारशेजारच्या मालकांनी तुकडे एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ओल किन्येई २००५ची, नाबोइशो २०१०ची. नाबोइशोत पाचशेच्या वर मालक आहेत आणि जमीन सुमारे ५०,००० एकर. पाहुणे येवोत न येवोत, भाडं ठरलेलं, ते थेट मालकाच्या खात्यात जमा होतं. त्या बदल्यात तिथे घरं, कुंपणं, शेती नाही, आणि तंबू किती असावेत याला मर्यादा. तुम्ही जे दीडपट भरताय ते या रिकाम्या जमिनीचं भाडं आहे.

गुरं मात्र बंद नाहीत. दादांनी ते पहिल्याच संध्याकाळी हेरलं. गाडीवाल्यानं सांगितलं, गट पाडलेत, या महिन्यात या गटात चारायचं, तो मोकळा सोडायचा, मग पुढचा. दादा म्हणाले, "म्हणजे रान राखतात." आमच्याकडे पूर्वी दिवाळीपर्यंत कुरण राखायचे, आता कोणी राखत नाही. गाडी उभी, समोर सूर्य बुडतोय, आणि ते दोघं गुरांवर बोलतायत. गाय किती दूध देते, कालवड कितीला जाते, बिबट्या आला तर काय करता. मी मधे बसून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करत होते. दादांना इतकं बोलताना मी फार वर्षांनी बघितलं.

कॉन्झर्व्हन्सीत रात्री गाडी नेता येते, रस्ता सोडून गवतात शिरता येतं, पायी हिंडता येतं. अभयारण्यात यातलं काहीच करता येत नाही. एका प्राण्याजवळ पाचाहून जास्त गाड्या थांबू देत नाहीत. आमच्याबरोबर बहुतेक वेळा एकही नव्हती.

पायी फिरताना सोबत बंदूकधारी माणूस असतो. गाडीवाल्यानं लेलेश्वा नावाच्या करड्या झुडपाचं पान चुरगळून आईच्या हातावर ठेवलं. मसाई पोरं ते काखेत लावतात, घामाच्या वासाला. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "कापूर." खरंच कापूर. ती ते पान दुपारपर्यंत मुठीत धरून होती.

शेवटच्या सकाळी चित्ता मादी दिसली, तीन पिल्लं. ती वारुळावर बसलेली, लांब थॉमसन हरणांचा छोटा कळप. गाडीवाल्यानं बरंच अलीकडे इंजिन बंद केलं. मी म्हटलं, थोडं पुढे घेता येईल का. तो म्हणाला, तिचं पोट रिकामं आहे, आपण पुढे गेलो तर हरणं बिथरतील. एक तास दहा मिनिटं आम्ही तिथे होतो. ती धावली, आणि हरीण निसटलं. धापा टाकत परत आली, मान वर केली आणि एक आवाज काढला. आईनं विचारलं, कुठला पक्षी गं हा? तो चित्त्याचा आवाज होता, पिल्लांना बोलावण्याचा. चिमणीच्या चिवचिवाटासारखा, बारीक. गवतातून तिन्ही पिल्लं पळत आली. एवढ्या लांबूनही तो आवाज ऐकू आला, कारण तिथे दुसरं इंजिन चालू नव्हतं.

रात्रीचं म्हणाल तर हो, प्राणी येतात. आमच्या तंबूमागून रात्री पाणघोडा चरत गेला, सकाळी पावलं दाखवली. पण अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर पडायचंच नाही असा नियम असतो. जेवायला न्यायला आणि परत सोडायला मसाई पहारेकरी येतो, हातात भाला आणि विजेरी. तंबूत शिट्टी किंवा वॉकीटॉकी असते. चेन पूर्ण लावायची आणि खायचं काहीही आत ठेवायचं नाही, कारण माकडं आणि बबून. हे पाळलं तर भीती वाटण्यासारखं काही नाही. पहिल्या रात्री सिंहाची गर्जना आली तेव्हा आईनं माझा हात धरला होता. तिसऱ्या रात्री ती जागी राहून वाट बघत होती.

थंडीचं सांगते, कोणी सांगत नाही. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच. पहाटे उघड्या गाडीत कानटोपी आणि जाड जाकीट लागतंच. रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात, आईबाबांना आधी सांगून ठेवा.

जेवण कळवलं की करतात. सुकुमाविकी नावाची पालेभाजी, नारळाच्या दुधातला राजमा, मका आणि राजम्याची गिथेरी. आईला गिथेरी इतकी आवडली की घरी करते. अंडं चालत नाही हे मात्र नाश्त्यासाठी वेगळं कळवा, 'शाकाहारी' म्हटलं की तिथे अंडं धरतात.

माझं मत विचाराल तर तलाव आणि खोलीचा आकार बघू नका. एजंटला दोन गोष्टी विचारा. गाडी फक्त तुमची की इतरांबरोबर वाटून? आणि गाडीवाला कुठल्या दर्जाचा? केनियात गाइडांची परीक्षा असते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. सिल्व्हर मिळाला तर दुसऱ्या कशाची चिंता नको.

सागवान

गवतमाळ यांनी फार सुंदर लिहिलंय. तरी माझं मत थोडं वेगळं.

मुळाकाठ यांचे बाबा दहा वर्षं टीव्हीवर नदीच बघतायत. त्यांना नदी न दाखवता परत आणणं मला पटत नाही. पाचपैकी दोन रात्री मारा ट्रँगलमध्ये काढा, म्हणजे नदीच्या पश्चिमेचा भाग. तो २००१पासून वेगळी संस्था सांभाळते आणि गाड्यांची शिस्त तिथे कडक आहे. कळप येतीलच असं कोणी सांगू शकत नाही. ते शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीहून साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात, पाऊस पडेल तिकडे जातात. सप्टेंबर बरा.

दुसरं, गुडघा फारच त्रास देत असेल तर दक्षिण आफ्रिकेचा विचार करा. क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला लागून साबी सँड हे खासगी अभयारण्य आहे, दोघांमधलं कुंपण १९९३मध्ये काढून टाकलं. गाडीच्या बॉनेटवर वेगळी खुर्ची असते, तिच्यावर माग काढणारा बसतो. धुळीतला अर्धा ठसा बघून त्यानं आम्हाला बिबट्याच्या मादीपर्यंत नेलं, तो माणूस मी विसरणार नाही. बिबट्या बघावा तर तिथेच. महाग वाटलं तर क्रूगरच्या आत सरकारी कॅम्प आहेत, स्कुकुझा, लोअर साबी, साटारा. कुंपण आहे, स्वतःचं स्वयंपाकघर मिळतं, आणि गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे स्वतः चालवता येते. आईंच्या जेवणाचा प्रश्नच उरत नाही.

मुळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टपालपेटी, लसीचं तुम्ही सांगितलं नसतं तर मी आधी तिकिटं काढून बसलो असतो. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सागवान, दोन रात्री ट्रँगल आणि तीन रात्री नाबोइशो असा नवा आराखडा एजंटला पाठवलाय, गाडी फक्त आमची हवी असं लिहून. काल रात्री जेवताना सहज बाबांना विचारलं, हिंगणबेट माहितेय का? म्हणाले, आमच्या शाळेमागे होता की. का विचारतोय ते सांगितलं नाही.

गवतमाळ ताई, शेवटची शंका. गाडीत चढायला उंच असते का? आणि दिवसभर बसून गुडघा आखडेल ना?

गवतमाळ

चढायला उंच असते, पहिली पायरी गुडघ्याच्या वर येते. कॅम्पला आधी कळवून ठेवा, ते गाडीत लाकडी स्टूल टाकतात. आमच्या दादांसाठी प्रत्येक थांब्याला गाडीवाला स्वतः उतरून ते लावायचा, सांगावं लागलं नाही. बाबांना मधल्या रांगेत बसवा, मागच्या रांगेत हादरे जास्त. सकाळी साडेसहा ते दहा आणि मग दुपारी चारनंतर, असं दोन भागांत जायचं ठेवा. मधे तंबूसमोर पाय लांब करून बसू दे. तिथूनही हत्ती दिसतात. आंघोळीचं पाणी बऱ्याच कॅम्पमध्ये सांगितल्या वेळेला गरम करून वर टाकीत ओततात, तर परत आल्या आल्या सांगा, गुडघ्याला बरं वाटतं.

आणि एक. बाबांना दुर्बीण त्यांची स्वतःची द्या, गळ्यात अडकवलेली. आम्ही तिघांत एक नेली होती, आणि दादा दर वेळी दोन क्षण बघून "तू बघ, तू बघ" म्हणत ती माझ्या हातात द्यायचे. दुसऱ्या दिवशी कॅम्पवाल्यांकडून एक मागून घेतली आणि त्यांच्या गळ्यात घातली. त्यानंतर त्यांनी ती जेवतानाही काढली नाही.